चुलीपासून ऊर्जाशास्त्र

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत बंगळूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा लेखी आलेख)



साहित्य, संगीत आणि नाट्य या रसिकमान्य विषयांच्या पंगतीत अभियांत्रिकीच्या एका मास्तराला बसविण्याचे धाडस आपल्या कार्यवाहांनी केले आहे. त्याचे परिणाम मात्र आपणां सर्वांना तासभर भोगावे लागणार, याबद्दल आरंभीच सहानुभूती व्यक्त करतो. विषय मीच सुचविला : अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना शाश्वत ऊर्जा कशी शिकवावी. विषय महाविद्यालयाचा खरा. परंतु या सभागृहात असे घर क्वचितच असेल, की ज्यातील एखादा मुलगा वा मुलगी अभियंता झालेली नाही, होत नाही किंवा व्हावी म्हणून शिकवणीला जात नाही. आपले आजोबा-पणजोबा नोकरीच्या निमित्ताने या मुलखात आले, आणि आता नातवंडे अभियांत्रिकीच्या निमित्ताने येथून पुढे जात आहेत. तेव्हा ती काय शिकतात, हे आपल्या कानावर घालणे अप्रस्तुत होणार नाही.

'शाश्वत ऊर्जा' हा शब्द अलीकडे इतका वापरला गेला आहे, की त्याची धार बोथट झाली. मी वर्गात त्याची साधी व्याख्या सांगतो. जी वापरल्याने पुढल्या पिढीचा वाटा खर्ची पडत नाही, आणि जी मिळविताना आजच्याच कोणाच्या तोंडचा घास जात नाही, ती शाश्वत ऊर्जा. पहिला अर्धा भाग सर्व पाठ्यपुस्तकांत आढळतो. दुसऱ्या अर्ध्या भागासाठी वर्गाबाहेर पडावे लागते. माझे आजचे सारे प्रतिपादन त्या दुसऱ्या भागासंबंधी आहे.

सध्या हा विषय शिकविला जातो तो कसा, हे थोडक्यात सांगतो. पर्यावरणाचे शिक्षण सर्व पातळ्यांवर द्यावे, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली दिला आणि कालांतराने पदवीच्या अभ्यासक्रमात तो विषय सक्तीचा झाला. हेतू थोर होता. परंतु आपल्याकडे सक्तीचा विषय म्हणजे आदल्या रात्रीचा विषय. ऊर्जेचेही तसेच झाले. सौर, पवन, जल, जैव, भूगर्भीय, सागरी अशी यादी. प्रत्येकाचे चार फायदे, चार तोटे, एक आकृती. विद्यार्थी आकृती काढतो, गुण मिळवितो, आणि वसतिगृहातील खोलीत पंखा चालू ठेवून परीक्षेला जातो. ऊर्जा कोठून येते याची यादी त्याला पाठ असते. ती कोणाच्या, कोणत्या कामासाठी, किती लागते, हा प्रश्न त्याला कोणी विचारलेलाच नसतो.

म्हणून पहिल्याच तासाला मी फळ्यावर एक विधान लिहितो. २०२५ सालच्या मध्यास भारतातील वीजनिर्मितीच्या स्थापित क्षमतेपैकी निम्मी क्षमता कोळसा, तेल व वायू यांच्याखेरीज अन्य साधनांची झाली. २०३० साठी ठेवलेले उद्दिष्ट पाच वर्षे आधीच गाठले गेले. मग विचारतो, तर आता निम्मी वीज कोळशाविना निर्माण होते काय? बहुतेक हात वर होतात. वास्तविक त्या सुमारास वर्षभरात निर्माण होणाऱ्या विजेत कोळशाचा वाटा सत्तर टक्क्यांच्या वरच होता. कारण उघड आहे. क्षमता म्हणजे मडक्याचा आकार आणि निर्मिती म्हणजे त्यात प्रत्यक्ष साठलेले पाणी. सूर्य रात्री नसतो आणि ढगाळ दिवशी अर्धामुर्धा असतो. किलोवॅट आणि युनिट यांतील हा भेद ज्याला रक्तात मुरवून घेता आला नाही, त्याने ऊर्जेवर वर्तमानपत्रात लिहावे, पण वीजकेंद्रात पाऊल टाकू नये. (वर्तमानपत्रवाल्या मित्रांनी क्षमा करावी.)

आपण ज्या राज्यात राहतो त्याचा विजेचा इतिहास या दृष्टीने मोठा बोधप्रद आहे. १९०२ साली कावेरीवरील शिवनसमुद्र येथे वीज निर्माण झाली आणि सुमारे दीडशे किलोमीटर तारा टाकून ती कोलारच्या सोन्याच्या खाणींना देण्यात आली. त्या काळी जगात अचंबा वाटावा अशी ती कामगिरी होती. बंगळूरच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले ते १९०५ साली. म्हणजे आधी सोने, मग शहर. ज्या गावांच्या डोक्यावरून तारा गेल्या, त्यांतील कित्येकांना पुढे अनेक दशके रॉकेलच्या चिमणीवरच दिवस, किंबहुना रात्री काढाव्या लागल्या. अभियांत्रिकी निर्दोष होती. ती कोणासाठी, हे मात्र दुसऱ्याच कोणी ठरविले होते.

हा 'कोणासाठी' चा प्रश्न अभियांत्रिकीच्याच भाषेत, आकड्यांनिशी मांडणारा एक माणूस याच शहरात होऊन गेला. प्राध्यापक अमूल्य रेड्डी हे येथील भारतीय विज्ञान संस्थेत विद्युत्-रसायनशास्त्राचे अध्यापक. बॉक्रिस यांच्यासमवेत त्यांनी लिहिलेला त्या शास्त्रावरील ग्रंथ जगभर अभ्यासला जातो. असा मनुष्य प्रयोगशाळेत सुखाने राहिला असता तर कोणी नाव ठेवले नसते. परंतु १९७४ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रामीण भागासाठी विज्ञान व तंत्रज्ञान वापरण्याचा एक कक्ष त्या संस्थेत उभा केला. त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांतून 'अस्त्र' हा शब्द तयार झाला. पुढे तुमकूर जिल्ह्यात उंग्रा येथे त्यांचे केंद्र निघाले, आणि जवळच्या पुरा नावाच्या खेड्याचा त्यांनी जो अभ्यास केला, तो मी गेली अनेक वर्षे माझ्या विद्यार्थ्यांना शिकवीत आहे. आपली अनुमती घेऊन त्यावर जरा रेंगाळतो.

१९७७ साली पुरा गावात ५६ घरे आणि ३५७ माणसे होती. 'या गावात ऊर्जा किती लागते?' असा प्रश्न त्या काळच्या एखाद्या वीज अभियंत्याला विचारला असता, तर त्याने मीटर पाहून उत्तर दिले असते. अस्त्रच्या मंडळींनी सगळ्याच ऊर्जेचे मोजमाप केले : वीज, रॉकेल, बैलांचे श्रम, माणसांचे श्रम आणि सरपण. तेव्हा दिसले ते असे. गावात वापरल्या जाणाऱ्या ऊर्जेपैकी बहुतांश, दहापैकी जवळजवळ नऊ हिस्से, सरपणाची होती. वीज शेकडा एकाहूनही कमी. वर्षाकाठी गाव २१७ टन सरपण जाळीत होते, आणि त्यातील फारच थोडे विकतचे होते. बाकीचे गोळा केलेले. त्यासाठी एकेका घराला दररोज सरासरी २.६ तास आणि ४.८ किलोमीटर चाल पडत होती, आणि हाती येत होते सुमारे दहा किलो लाकूड.

हे आकडे मी वर्गात नुसते वाचून दाखवीत नाही. विद्यार्थ्यांकडून गुणाकार करून घेतो. २.६ तास गुणिले ५६ घरे, म्हणजे गावाचे रोज १४५ तास. रोजचे ४.८ किलोमीटर म्हणजे वर्षाचे साडेसतराशे; बंगळूर ते दिल्ली हे हवाई अंतर साधारण एवढेच आहे. एका घरातील बाया-मुले दर वर्षी डोक्यावर मोळी घेऊन दिल्ली गाठीत होती. मग त्या दहा किलो लाकडातील उष्णता काढावयास सांगतो. ती होते सुमारे १५० मेगाज्यूल. त्यांच्या स्वतःच्या घरी गॅसचा १४.२ किलोचा सिलिंडर महिनाभर पुरत असेल, तर त्याची उष्णता रोजची बावीसच्या आसपास येते. शहरातील सुखवस्तू घरापेक्षा खेड्यातील गरीब घर सातपट उष्णता खर्च करते, हे उत्तर पाहून प्रत्येक वर्षी वर्गात कोणीतरी म्हणतो, 'सर, आकडा चुकला.' आकडा चुकलेला नसतो. लाकडाच्या उष्णतेपैकी बराच मोठा भाग चुलीच्या भोवती, भिंतीत आणि धुरात जातो. शिवाय त्याच लाकडावर आंघोळीचे पाणी तापते. गरिबी म्हणजे ऊर्जा कमी वापरणे, ही समजूत त्या एका भागाकाराने कोसळते. ऊर्जा पुष्कळ लागते. तिच्यातून मिळणारे सुख थोडे असते.

याच खेड्यात पुढे जे घडले ते मला त्याहून मोलाचे वाटते. गावात गुरे होती. तेव्हा शेण एकत्र करून सामुदायिक गोबरगॅसचा प्रकल्प उभारावा आणि घरोघर स्वयंपाकाला गॅस द्यावा, अशी योजना झाली. कागदावर ती सुरेख होती. प्रत्यक्षात जमणाऱ्या शेणातून सगळ्या घरांच्या दोन्ही वेळच्या स्वयंपाकाला पुरेल एवढा गॅस होईना, आणि अर्धवट गॅसमध्ये कोणाला स्वारस्य वाटेना. कारण सरपणाला पैसे पडत नव्हते. आमच्या परिभाषेत, त्या १४५ तासांची किंमत शून्य होती! प्रकल्प रेंगाळला. मग गावकऱ्यांना विचारण्यात आले, की तुम्हांला हवे तरी काय? उत्तर आले : पिण्याचे स्वच्छ पाणी. गाव उघड्या तळ्याचे पाणी पीत होते. तेव्हा तोच गॅस स्वयंपाकाऐवजी इंजिनाला जोडला गेला. १९८७ पासून गॅसवर, थोड्या डिझेलच्या साहाय्याने, सुमारे पाच किलोवॅटचे जनित्र चालू लागले. त्यावर कूपनलिकेचा पंप आणि घरांतील दिवे चालले. आणलेले शेण वजन करून घेतले जाई, गॅस निघून गेल्यावरचा गाळ खत म्हणून ज्याच्या-त्याच्या हिश्शाने परत दिला जाई. गावातीलच तरुण यंत्र चालवीत आणि हिशेब ठेवीत. ही व्यवस्था बरीच वर्षे चालली.

यंत्र तेच, गॅस तोच, शेण तेवढेच. बदलला होता तो फक्त प्रश्न. अमूल्य रेड्डींनी आयुष्यभर हाच आग्रह धरला, की ऊर्जेचे नियोजन तिच्या उगमापासून करू नये, तिच्या शेवटच्या उपयोगापासून करावे. माणसाला किलोवॅट नको असतो. त्याला शिजलेला भात, उजेड, पाण्याची घागर आणि गार वारा हवा असतो. हीच विचारसरणी त्यांनी तीन परदेशी सहकाऱ्यांसह एका ग्रंथात जगापुढे मांडली आणि कर्नाटकाच्या वीजनियोजनालाही लावून दाखविली. २००६ साली ते निवर्तले.

आता येथे एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. अस्त्रने तयार केलेल्या सुधारित चुलीचे नाव 'अस्त्र ओले'. कन्नडमध्ये 'ओले' म्हणजे चूल. माझ्या वर्गात मराठी घरातली दोन-तीन मुले असतातच. ती गालात हसतात. आपल्याकडे ओले म्हणजे भिजलेले, आणि ओले लाकूड हा तर चुलीचा जन्मवैरी! मी त्यांना तेथेच उभे करतो आणि विचारतो, ओल्या लाकडाने काय होते ते आता शास्त्राने सांगा. लाकडातील पाण्याची वाफ करण्यात उष्णता जाते, ज्योतीचे तापमान उतरते, ज्वलन अपुरे होते आणि धूर वाढतो. एवढे सांगता आले की हसण्याचा दंड माफ. त्या चुलीवर एका वेळी तीन भांडी बसत, तिला धुराडे होते, आणि प्रयोगशाळेत तिने शेकडा चाळीसहून अधिक उष्णता भांड्यांत पोचविली. जुन्या मराठी चुलीलाही वैल असतोच. पुढच्या तोंडावर भाकरी आणि वैलावर आमटी गरम, ही रचना वाया जाणारी उष्णता पुन्हा कामाला लावण्याचाच प्रकार आहे. आमच्या आज्यांना त्यासाठी इंग्रजी संज्ञेची गरज भासली नाही.

चुलीच्या पाठोपाठ मी बंब आणतो. अक्षरशः आणतो. आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत एक तांब्याचा बंब आहे, आणि वाफेच्या बॉयलरचे पहिले प्रात्यक्षिक मी त्याच्यावर देतो. मधून विस्तवाची नळी, भोवती पाणी, वर धूर, खाली राख; मोठ्या बॉयलरचे सारे अवयव त्या ठेंगण्या गृहस्थात हजर आहेत. शंभर लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर नेण्यास किती उष्णता लागते? उत्तर येते सुमारे चार युनिट. विजेच्या गीझरने हे पाणी तापवावयाचे आणि ती वीज कोळशाची असेल, तर वीजकेंद्रात त्यासाठी पावणेतीन-तीन किलो कोळसा जाळावा लागतो. कारण भट्टीतील उष्णतेचा तिसरा हिस्साच वीज होऊन बाहेर पडतो. हजार-बाराशे अंशांच्या आगीतून महत्प्रयासाने वीज काढायची, ती शेकडो किलोमीटर वाहून आणायची आणि तिने पाणी कोमट करायचे, हे म्हणजे तानपुऱ्याच्या भोपळ्यात ताक घुसळण्यासारखे आहे. बंगळूरच्या गच्च्यांवर सौर बंबांची दाटी दिसते ती यामुळेच. ठरावीक आकाराहून मोठ्या घरांना ते येथे सक्तीचे झाले, आणि या एका बाबतीत आमच्या शहराने देशाला चांगला धडा घालून दिला. वाहतुकीच्या बाबतीत तो कोणी गिरवू नये.

मग विद्यार्थी विचारतात, 'सर, आता चुली राहिल्यात कोठे? घरोघर गॅस पोचला.' २०१६ पासून उज्ज्वला योजनेखाली कोट्यवधी घरांना जोडण्या मिळाल्या, हे खरेच आहे आणि ती मोठीच गोष्ट आहे. परंतु मी त्यांना एखाद्या खेड्यात दोन दिवस पाठवितो आणि ताणकाटा बरोबर देतो. परत येतात तेव्हा वह्यांतील नोंद बहुधा अशी असते : गॅस चहाला, पाहुण्यांना आणि पावसाळ्यात, भाकरी आणि आंघोळीचे पाणी चुलीवर. एका विद्यार्थिनीने मोळीचे वजन तर केलेच, पण मालकिणीने 'उचलून बघ' म्हटले म्हणून ती डोक्यावर घेऊन अर्धा किलोमीटर चाललीही. तिचा अहवाल नऊ पानांचा होता. त्यातील आठ पाने मी विसरलो. नवव्या पानावर तिने लिहिले होते, की उष्णतेच्या हिशेबात मानेच्या दुखण्याला कोणते एकक लावावे हे कळले नाही. विद्यापीठाच्या भाषेत हे उत्तर अपूर्ण आहे. माझ्या मते त्या वर्षीचे ते सर्वोत्तम होते.

महाराष्ट्रातही याच वाटेने काम करणारे आहेत. पुण्याच्या डॉ. आनंद कर्वे यांच्या संस्थेने उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याची रीत बसविली. शेतकरी जे पाचट शेतातच पेटवून देतो त्यापासून इंधन! पुढे खरकटे व पिठूळ पदार्थांवर चालणारे घरगुती गॅससंयंत्रही त्यांनी केले. दोन्ही कामांना अनुक्रमे २००२ आणि २००६ साली इंग्लंडमधील अ‍ॅश्डेन पुरस्कार लाभला. माझ्या विद्यार्थ्यांना हे उदाहरण मी मुद्दाम देतो, कारण कर्वे मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ आणि रेड्डी विद्युत्-रसायनशास्त्रज्ञ. ऊर्जेच्या क्षेत्रातील ही उत्तम कामे ऊर्जा-अभियंता म्हणविणाऱ्यांनी केलेली नाहीत, ही गोष्ट आम्हां अभियांत्रिकीवाल्यांना जरा टोचावी.

आता त्याच तुमकूर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला येतो. पुरा गावातील जनित्र पाच किलोवॅटचे होते. त्याच जिल्ह्यातील पावगड तालुक्यात २०१८ मध्ये सौर उद्यानाचा पहिला टप्पा सुरू झाला आणि २०१९ अखेर ते पूर्ण २,०५० मेगावॅटचे झाले. पाच गावांची १३,००० एकर जमीन, दृष्टी पोचेल तेथवर निळीकाळी पॅनेल. पहिल्यांदा पाहणाऱ्याला समुद्राचा भास होतो. हा तालुका दुष्काळाने गांजलेला. शेती बेभरवशाची, तरुण मंडळी कामासाठी बंगळुरास. येथील योजनेची एक गोष्ट खरोखर प्रशंसनीय आहे. शेतकऱ्यांची जमीन विकत वा संपादन करून न घेता ती भाड्याने घेतली गेली. वर्षाला एकरी २१,००० रुपये आणि दर दोन वर्षांनी शेकडा पाच वाढ. जमिनीची मालकी शेतकऱ्याकडेच राहिली. ज्या देशात धरणग्रस्तांच्या तीन पिढ्या कज्जे लढल्या, तेथे हे पाऊल लहान म्हणता येणार नाही.

विद्यार्थ्यांना तेथे नेतो तेव्हा सकाळची वेळ हिशेबाची असते. २,०५० मेगावॅट वर्षभर अहोरात्र चालले असते तर सुमारे १,८०० कोटी युनिट झाले असते. सूर्याच्या मर्यादेमुळे त्याचा पाचवा ते चौथा हिस्सा, म्हणजे ३६० ते ४५० कोटी युनिट पदरात पडतात. तरीही ही मोठी रास आहे, आणि तिच्यामागे राखेचा ढीग नाही. दुपारी जेवणानंतर मात्र मी त्यांना गावात सोडतो, आणि एकच सूचना देतो : ज्यांच्या नावावर जमीन नव्हती अशा माणसाशी बोला.

संध्याकाळी परतीच्या बसमध्ये गप्पा होत नाहीत. जमीनमालकाला भाडे मिळाले. ज्याची जमीन अधिक, त्याला अधिक. परंतु त्या जमिनीवर शेंगा काढणारा, निंदणी करणारी, मेंढ्या चारणारा, यांचे नाव कोणत्याच सातबाऱ्यावर (येथे त्याला 'पहाणी' म्हणतात) नव्हते. भाडे त्यांच्यापर्यंत पोचले नाही आणि कुंपणाने चराईच्या वाटा अडल्या. काहींना गवत काढण्याचे, पॅनेल धुण्याचे वा राखणीचे काम मिळाले. ते पूर्वीच्या सर्वांना पुरणारे नव्हते. माझ्या व्याख्येतील दुसरा अर्धा भाग तो हा.

एका वर्षी बसमध्ये एक हुशार मुलगा माझ्याशी वाद घालू लागला. म्हणाला, 'सर, हे समाजशास्त्र झाले. यात अभियंत्याने काय करायचे?' त्याचा प्रश्न प्रामाणिक होता, आणि अनेक प्राध्यापकही तो मनातल्या मनात विचारतात. मी त्याला उद्यानाचा नकाशा काढावयास सांगितले. कुंपण कोणी आखले? अभियंत्याने. पॅनेलची खालची कड जमिनीपासून किती उंच ठेवायची, म्हणजे तिच्याखाली मेंढी चरू शकेल की नाही, हे कोणी ठरविले? अभियंत्याने. रांगांमध्ये अंतर किती, धुण्यासाठी पाणी किती आणि कोठून आणायचे, कोरड्या ब्रशने भागेल काय, हे सारे निर्णय कोणाच्या सहीने होतात? उंची वाढविली तर लोखंड वाढते, खर्च वाढतो, हे मला ठाऊक आहे. तो किती वाढतो हेच तर काढावयाचे असते. पुढील सत्रात त्या मुलाने त्यावरच प्रकल्प केला. त्याचे उत्तर बरोबर होते की नाही हा भाग अलाहिदा. पण मेंढीची उंची मोजण्यासाठी तो धनगराच्या वाड्यावर टेप घेऊन गेला होता, आणि यंत्रशास्त्राच्या शाखेत ही घटना प्रथमच घडली असावी.

सूर्य मावळल्यावर काय, हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या मनात असेल. विजेरी हे एक उत्तर आहे आणि तिच्या किमती उतरत आहेत. वरच्या व खालच्या तलावांत पाणी खेळविणे हे दुसरे; आपल्या घाटघरला असे २५० मेगावॅटचे केंद्र आहे. येथे शरावतीच्या खोऱ्यात तशीच मोठी योजना पुढे आली आणि जंगलाच्या प्रश्नावरून तिला तीव्र विरोध झाला. माझ्या वर्गात दोन्ही पक्ष उभे करून मी वाद घडवितो आणि निकाल देत नाही. तिसरे उत्तर फार साधे आहे, म्हणून त्याची चर्चा कमी होते. काम उन्हाच्या वेळेला न्यायचे. शेतीचा पंप रात्रीच चालला पाहिजे असे पिकाचे म्हणणे नसते. कर्नाटकात शेतीचा बराच पुरवठा दिवसा आणला गेला, आणि महाराष्ट्रात २०१७ पासून सौर कृषी वाहिनी योजना याच हेतूने सुरू झाली. आपल्यापैकी ज्यांचे भाऊबंद अजून गावी शेती करतात, त्यांना विचारा. पौषाच्या थंडीत मध्यरात्री बॅटरी घेऊन, साप-विंचवाच्या भीतीने दारे धरावयास जाणे म्हणजे काय, हे ते सांगतील. दिवसाच्या विजेची किंमत युनिटात मावत नाही.

आता थोडे आपल्या मंडळाविषयी. गेल्या वर्षी कार्यवाहांच्या संमतीने माझ्या सहा विद्यार्थ्यांनी या वास्तूची ऊर्जा-तपासणी केली. त्या आधी समितीच्या बैठकीत गणेशोत्सवातील रोषणाईवर बराच रोष व्यक्त झाला होता, हे आपल्याला स्मरत असेल. विद्यार्थ्यांनी मोजले. दोन किलोवॅटची रोषणाई, रोज सहा तास, दहा दिवस. एकूण १२० युनिट. मग ते तळघरात गेले. गच्चीवरील टाकीचा तरंगता गोळा बिघडल्यामुळे पंप रोज दोन तास जादा चालत होता आणि पाणी पन्हळीतून वाहून जात होते. दीड किलोवॅट, दोन तास, ३६५ दिवस. जवळजवळ अकराशे युनिट. गजानन निर्दोष सुटले. गोळा दुसऱ्या दिवशी बदलण्यात आला. या सभागृहातील जुन्या अठरा पंख्यांचाही हिशेब त्यांनी दिला आहे. ७५ वॅटच्या पंख्याऐवजी तेवढाच वारा देणारा ३० वॅटचा नवा पंखा मिळतो. तो प्रस्ताव समितीपुढे आहे, आणि खजिनदारांचा चेहरा पाहून मी त्यावर अधिक बोलत नाही.

माझी खरी अडचण वेगळीच आहे. ताणकाटा घेऊन खेड्यात जाणे, बसचा प्रवास, तळघरातील पंप, या कशालाच प्रश्नपत्रिकेत जागा नाही. एका विद्यापीठाच्या अभ्यासमंडळात मी या क्षेत्रकार्यासाठी शंभरपैकी चाळीस गुण मागितले होते. चर्चेअंती दहा मिळाले, तेही 'उपस्थिती व वर्तन' या सदराखाली. एका ज्येष्ठ सभासदांचे म्हणणे पडले, की मोळी कशी तपासणार? उत्तरपत्रिका तपासता येते, पुन्हा तपासता येते, न्यायालयात सादर करता येते. या युक्तिवादात तथ्य नाही असे नाही. हजारो विद्यार्थ्यांना एका मापाने मोजायचे तर माप कागदीच असावे लागते. पण मग निदान शेवटच्या वर्षाचा प्रकल्प तरी मोकळा ठेवावा. कर्नाटकाच्या विज्ञान व तंत्रज्ञान परिषदेने १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांना अर्थसाहाय्य देण्याची प्रथा ठेवली आहे. रक्कम मोठी नसते, पण ती मिळाली की विद्यार्थ्याला वाटते, आपल्या कामाकडे कोणीतरी पाहते आहे.

दुसरी अडचण आपल्या घरांतील आहे, आणि ती मी घरच्या माणसांसमोरच बोलतो. मुलाला चांगली नोकरी लागावी ही इच्छा रास्त आहे. मीही बापच आहे. परंतु सातव्या सत्रात नोकऱ्यांच्या मुलाखती सुरू झाल्या की पालकांचे दूरध्वनी येतात : 'सर, त्याला खेड्यात कशाला पाठविता? त्या आठवड्यात कंपनी येणार आहे.' ज्या विद्यार्थिनीने मोळी उचलली, तिच्या वडिलांचाही आला होता. ती आज एका संगणक कंपनीत आहे आणि सुखात आहे. मात्र त्या कंपनीच्या इमारतीतील वातानुकूलन रात्री कोणासाठी चालू असते, असा प्रश्न तिने तेथे लेखी विचारला आहे. उत्तराची ती वाट पाहते आहे.

शेवटी एक विनंती. येत्या सत्रात विद्यार्थ्यांना शंभर घरांच्या विजेच्या वापराचा वर्षभराचा आलेख काढावयाचा आहे. आपल्या घरची मागील बारा महिन्यांची बिले काढून ठेवावीत. नावे व ग्राहक क्रमांक ते उतरून घेणार नाहीत. विद्यार्थी जोडीने येतील, मीटर पाहतील, फ्रीजच्या मागे वाकून बघतील, आणि बहुधा चहाला नाही म्हणणार नाहीत. आणखी एक. आमच्या बंबाच्या तळाला भोक पडले आहे, आणि येथे तो झाळून देणारा कारागीर मला मिळालेला नाही. कोणाच्या माळ्यावर जुना बंब पडून असेल, तर कार्यालयात नाव नोंदवावे. टेम्पोचे भाडे महाविद्यालय देईल.